पहिला ताप

आगरवण्यात रक्त तपासायचं शिबिर लागलं, तेव्हा सगळ्यात आधी पळ काढला तो गावकीचे अध्यक्ष अनंत रेवाळे यांनी. सभेत माणसाला उभं सोलून काढणारा हा गृहस्थ! पण सुई दिसली मात्र, 'आलोच हां' म्हणून जो गेला तो एकदम जेवणवेळेला उगवला. आरोग्यसेविका प्रणाली शिगवण हिने त्यांना शाळेच्या पायरीवरच गाठलं.

"भाऊ, हात पुढे करा. मुंगी चावल्यासारखं होईल, बस."

"मुंगीला कोण घाबरतंय गो? तुझ्या त्या चुगलीपेटीला घाबरतो मी. आमच्या घराण्याचं काय काय बाहेर काढेल कोण जाणे!"

ओट्यावर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. प्रणालीही हसली. तिला तेव्हा काय ठाऊक, की ती पेटी कोणाच्या घराण्याचं काढणार आहे ते!

पेटीचं सरकारी नाव रक्तलेख. स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षा थोडी मोठी, पांढरी, आवाज न करणारी. पेटी गावात उतरली त्याच दिवशी गावाने तिचं नाव चुगलीपेटी ठेवलं, आणि नाव ठेवण्यात आमच्या कोकणी माणसाचा हात कोणी धरू नये. आता हे यंत्र काय करतं ते थोडं सांगायला हवं. घाबरू नका, फार पाल्हाळ लावत नाही.

एखाद्या विषाणूची लागण झाली, की शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं बनवतं. विषाणू म्हणजे किल्ली समजा, तर प्रतिपिंड म्हणजे नेमकं त्याच किल्लीच्या दात्यांवर बेतलेलं कुलूप. रोग बरा होतो, माणूस विसरून जातो, रक्तात कुलूप मात्र राहतं. जुन्या चाचण्या इतकंच सांगायच्या, की अमुक रोगाचं कुलूप आहे की नाही. रक्तलेख त्याच्या दोन पावलं पुढे गेला. एक म्हणजे कुलपाचं वय. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं पिढ्या काढत राहतात आणि दर पिढीला त्यांच्या जनुकांत बारीकसारीक बदल साठत जातात. ते बदल मोजले, की लागण कधी झाली ते चार-पाच दिवसांच्या फरकाने सांगता येतं, मग मध्ये वीस वर्षं का गेलेली असेनात.

दुसरी गोष्ट जास्त भयंकर. विषाणू एका माणसातून दुसऱ्या माणसात जाताना जरासा बदलतो. किल्लीचा एखादा दाता झिजतो म्हणा. त्यामुळे प्रत्येकाच्या रक्तातलं कुलूप दुसऱ्यापेक्षा केसभर वेगळं असतं. अख्ख्या गावाची कुलपं शेजारी शेजारी मांडून पाहिली, की कोणाची किल्ली कोणाकडून आली ते दिसायला लागतं. थोडक्यात, कोणी कोणाला रोग दिला याचं झाडच काढता येतं. त्याला म्हणायचं रोगवृक्ष. मधलं कोणी मेलेलं असेल तर त्याचं रक्त मिळणार कुठून? तिथे यंत्र तुटक रेघेचं रिकामं वर्तुळ काढतं आणि आत अंदाजाने तारीख लिहितं.

हे सगळं कशासाठी? तर वटवाघळांमधले विषाणू माणसांत आजवर किती वेळा शिरले, किती वेळा कोणाला पत्ता न लागता विझले, ते शोधायला. ते कळलं की पुढची साथ कुठून येईल याचा अंदाज बांधता येतो. हेतू चांगलाच होता. झाडावर नावं नसतात, नुसते क्रमांक, वय आणि तारखा. पण तीनशे माणसांच्या गावात वय आणि तारखा सांगितल्यावर राहिलं काय? शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभेत झाड लावलं आणि गावकऱ्यांनी एका दुपारात सगळे क्रमांक ओळखले. झाडाच्या बुडाशी जिचा क्रमांक होता, ती चहाची टपरी चालवणारी बाई आता कुठे असते ते कोणाला माहीत नाही. टपरीच्या जागी राख होती, एवढं प्रणालीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

आगरवण्याची निवड उगीच झाली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी शिमग्यानंतरच्या सहा आठवड्यांत इथे नऊ माणसं मेली होती. ताप यायचा, माणूस असंबद्ध बोलायला लागायचा, आकडी यायची आणि मग शुद्ध हरपायची. सरकारी कागदावर 'मेंदूज्वर' असं लिहिलं गेलं आणि कागद मिटला. गावाने मात्र आपला निकाल स्वतः लावला. वनिता शिगवण ही तालुक्याच्या दवाखान्यात आया होती. शिमग्याला घरी आली आणि पाठोपाठ ताप आला. तिच्या पुतण्याला, मग तिच्या नवऱ्याला, मग वाडीतल्या माणसांना. ज्याच्या उशाशी ती बसली, ज्याला तिने पाणी पाजलं, तो गेला. मग आणखी पुरावा कशाला हवा?

गावकीची सभा बसली. अनंत रेवाळ्यांनी विचारलं, "पहिला ताप कोणाच्या घरात आला?" आणि वनिताच्या सख्ख्या जावेने, सुगंधाने, उभं राहून सांगितलं, "हिनेच आणला. दवाखान्यातून घेऊन आली." सुगंधाचा चार वर्षांचा ओंकार जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. पोर गमावलेल्या आईच्या तोंडावर कोण बोलणार? वाळीत टाकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून गावाने कोणाला वाळीत टाकलं नाही. फक्त त्या दिवसापासून वनिताशी कोणी बोललं नाही.

सुगंधा म्हणजे प्रणालीची आई. ओंकार तिचा धाकटा भाऊ. त्या वर्षी प्रणाली शाळेसाठी मामाकडे राहत होती, म्हणून वाचली असं सगळे म्हणतात. वडील पुढे हृदयविकाराने गेले, प्रणालीचं लग्न झालं आणि मोडलंही, आणि आता मायलेकी दोघीच घरात. आईने तिला घडवली, परिचारिकेचं शिक्षण दिलं, मोडल्या संसारातून परत आली तेव्हा 'का' म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. प्रणालीचा आईवर फार जीव. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तिला तुम्ही उगाच शिव्या घालाल. घाला हवं तर, पण हे लक्षात ठेवून घाला.

शिबिराच्या दिवशी शाळेत यायची वनिताकाकूची सोय नव्हती. म्हणून प्रणाली सकाळीच खाडीच्या कडेला तिच्या खोपटावर गेली होती. सरकारी काम म्हटल्यावर तिला कोणी अडवत नसे. काकू दारातच बसली होती, पाय सुजलेले, दोन वाक्यांमागे धाप. हृदय थकलं होतं तिचं. तिने स्वतःच बाही वर केली.

"माझा नंबर पहिला लाव, बाय. बावीस वर्षं वाट बघत्ये, कोणीतरी विचारील म्हणून."

"काय विचारील, काकू?"

"की तू आणलास काय ताप? कोणी विचारलंच नाय गो. सगळ्यांनी सांगितलं." सुई टोचली तरी तिचा हात हलला नाही. "तुझी पेटी खरं बोलत्ये ना? मग गावकीला वाचून दाखव. मला जमीन नको, मान नको. मी मेल्यावर चार खांदे पायजेत. तापाला भिऊन कोणी पुढे आलं नाय, तेव्हा तुझ्या काकाला मी हातगाडीवर घालून मसणात नेला. एकटीने. ती गाडी अजून ठेवल्ये, चाकाला तेल घालत्ये. पण माझी गाडी ओढणार कोण, सांग?"

प्रणालीने नळीवर क्रमांक एक लिहिला. "वाचून दाखवीन, काकू," ती म्हणाली. "शब्द देते."

तीनशे अकरा माणसांचं रक्त चार दिवसांत झालं. राहिली एकटी आई. पहिल्या दिवशी म्हणाली, आज उपास आहे. दुसऱ्या दिवशी हात दुखत होता. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वाडीत निघून गेली. प्रणालीला आधी हसू आलं, मग राग.

"आई, लहान मुलं रडत नाहीत एवढी! तुझ्या एकटीमुळे यादी अडलीय. यादी पुरी झाल्याशिवाय झाड निघत नाही."

"म्हातारीच्या रक्तात काय सापडायचंय?"

"मग द्यायला काय हरकत आहे?"

सुगंधा भिंतीवरच्या ओंकारच्या फोटोकडे बघत बसली. मग हात पुढे करून म्हणाली, "काढ. काय काढायचं ते काढ." प्रणालीने क्रमांक लिहिला, तीनशे बारा, आणि आईचे लाड करावे तसा कापूस हातावर दाबून धरला.

निकाल सोळाव्या दिवशी दुपारी आला. उपकेंद्रात प्रणाली एकटीच होती. नियम असा, की झाड आधी आरोग्यसेविकेकडे यायचं. तिने क्रमांक आणि माणसं जुळवून 'खात्री केली' असं बटण पंधरा दिवसांत दाबायचं. मग ते ग्रामसभेत लागायचं. तिने टेबलावरच्या मोबाइलच्या पडद्यावर ते उघडलं. गावातल्या चौदा माणसांच्या रक्तात वटवाघळातल्या विषाणूची प्रतिपिंडं सापडली होती. झाडाच्या बुडाशी वटवाघळाचं छोटं चित्र, तिथून निघालेल्या फांद्या, आणि अगदी वरच्या शेंड्यावर, सगळ्यात शेवटी लागण झालेला क्रमांक एक.

काकू! शेवटची! तिने आणला नव्हता, तिला मिळाला होता. सगळ्यांचं करता करता मिळाला होता. प्रणालीला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून उठलीच. मोबाइल उचलला, काकूकडे फोन नाही हे आठवलं, परत बसली. मग तिची नजर खाली गेली.

वटवाघळाच्या चित्रातून एकच रेघ निघत होती. ती जात होती क्रमांक तीनशे बाराकडे. तिथून दोन फांद्या फुटल्या होत्या आणि त्यातली पहिली एका रिकाम्या, तुटक रेघेच्या वर्तुळाकडे. आत तारीख होती, एकोणीस मार्च.

प्रणालीने यादी तीनदा तपासली. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणावं, तर आईची नळी शेवटची, एकटी, तिच्याच हातची. आणि त्या तारखेला काय झालं होतं ते तिला पाठ होतं. शिमग्याच्या पालखीनंतर दोन आठवड्यांनी, एकोणीस मार्चला सकाळी ओंकार खेळता खेळता ओट्यावर आडवा झाला होता. ते रिकामं वर्तुळ म्हणजे तिचा भाऊ होता.

वटवाघळातून आईत कसं आलं, हे कळायला तिला यंत्र नको होतं. आगरवण्यात पोफळीच्या बागा. वाघजाईच्या राईतल्या बेहड्यावर हजारो वटवाघळं लटकलेली असतात, गाव त्यांना देवीची पाखरं म्हणतं आणि कोणी खडासुद्धा मारत नाही. ही पाखरं रात्री पिकलेल्या सुपारीची साल चावून खातात आणि आतली बी खाली टाकतात. पाखरं कधी कच्चं फळ घेत नाहीत, म्हणून ती पाखरसुपारी देवीच्या पसंतीची. शिमग्याची पालखी दारात यायच्या दिवशी घरच्या सुनेने पहाटे दवात ती वेचून आणायची, तिला लोखंड लावायचं नाही, अडकित्ता तर नाहीच नाही. उरलेली साल दातांनी सोलायची, सुपारी दाढेखाली फोडायची आणि पहिला तुकडा आपण खायचा. हा मान थोरल्या सुनेचा. थोरली सून म्हणजे आई. ओल्या सालीवर वटवाघळाची लाळ तशीच असते हे त्या वेळी कोणाला माहीत होतं?

तिने बटण दाबलं नाही. पडदा मिटला आणि घरी गेली. आई भात उकरत होती, म्हणाली, "चेहरा का असा?" प्रणाली म्हणाली, "ऊन लागलं."

पंधरा दिवस आहेत, असं तिने स्वतःला सांगितलं. आईला हे कसं सांगायचं? आई, ज्या पोराच्या फोटोला तू रोज फूल वाहतेस, त्याला तूच मारलंस, असं? आणि गाव? टपरीच्या जागची ती राख तिच्या डोळ्यांपुढून हलेना. अनंतभाऊ सभेत उभे राहतील, बोट दाखवतील, आणि खाडीच्या कडेला आणखी एक खोपट उभं राहील. गावाला रोग कुठून आला याच्याशी कर्तव्य नव्हतं, कोणाच्या अंगावर घालायचा एवढंच हवं होतं. यंत्राने फक्त नवीन पत्ता दिला असता.

चौथ्या दिवशी काकूच्या गोळ्या घेऊन गेली तेव्हा काकूने डबा बाजूला ठेवून आधी विचारलं, "आलं काय गो?"

"अजून नाही, काकू. जिल्ह्याचं यंत्र बिघडलंय."

"असू दे, असू दे. सरकारचं काम."

आठव्या दिवशी पुन्हा तेच. काकू हसली, "तुझं यंत्र आणि माझा श्वास, बघू कोण आधी बंद पडतंय ते." प्रणालीने रक्तदाब मोजला, दवाखान्यात चला म्हणून विनवलं. काकू म्हणाली, तिथे गेल्ये की परत येणार नाय, आणि मला इथेच ऐकायचंय.

अकराव्या दिवशी संध्याकाळी प्रणाली गेली तेव्हा काकू उशीला टेकून बसली होती. ओठ निळसर झाले होते. या वेळी तिने 'आलं काय' असं विचारलं नाही. नुसतं प्रणालीच्या तोंडाकडे बघितलं.

"तुला कळलंय," ती म्हणाली. "आलाय निकाल. खोटं बोलताना तू लहानपणापासून कान चोळत्येस."

प्रणालीचा हात कानावरच होता. तो खाली आला.

"मीच ना गो? मीच आणला?"

"नाही काकू! देवाशपथ नाही, तुम्ही नाही!"

"मग कोणी?"

आता नुसतं नाव सांगायचं होतं. तीन अक्षरांचं. प्रणालीने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे ओंकारचा फोटो आला, फोटोला फूल लावणारा हात आला. ती गप्प राहिली. अशा वेळी गप्प राहण्याचा एकच अर्थ होतो, आणि काकूने तोच घेतला.

"बरं," काकू हळू म्हणाली. "तोंडावर नाय बोललीस, गुणाची आहेस. मला वाटायचं कधीकधी, की असेल माझंच. दवाखान्यातले कपडे मी घरी धुवायची ना. तुझ्या काकाला, त्या पोराला... ओम्या माझ्या मांडीवर गेला गो." तिने डोळे पुसले नाहीत. "मग बरोबरच केलं गावाने. चार खांदे कशाला मागत्ये मी?"

"काकू, ऐका माझं, उद्या मी येते. उद्या सगळं सांगते. कागद घेऊन येते."

"ये हां," काकू म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

प्रणाली सकाळी सातला कागद छापून घेऊन गेली. दार लोटलेलं होतं. काकू त्याच कुशीवर होती, फक्त गार पडली होती. प्रणालीने नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, पुन्हा नाडी बघितली. मग खाली बसून लहान पोरासारखी मोठ्याने रडली. झाडाचा कागद तिच्या मांडीवर होता. त्यात काकू निर्दोष होती, शेंड्यावर, स्वच्छ अक्षरांत. आणि काकू नऊ माणसांचं ओझं उरावर घेऊन गेली होती, कारण प्रणालीला एक नाव उच्चारता आलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा आई अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. प्रणालीने कागद तिच्यापुढे धरला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. काकू गेली. मी सांगितलं नाही, गावासाठीचं बटणही दाबलं नाही. तुझ्यासाठी सांगितलं नाही. हा बघ तुझा क्रमांक, हा ओम्या, ही काकू. आई, पहिली तू होतीस.

सुगंधाने कागदाकडे बघितलंही नाही. हातातली सुपारी तिने खाली ठेवली.

"वनी गेली?"

"गेली. तिला वाटत होतं तिनेच आणला."

"पालखीनंतर सातव्या दिवशी," सुगंधा म्हणाली.

"काय?"

"मला ताप आला होता. अंगात काटा, डोकं फुटतंय की काय असं. गावात पावणे, घरात कामं, कोणाला सांगायचं? तापाच्या दोन गोळ्या घेतल्या नि कामाला लागले. चार दिवसांत उतरला. मग ओम्याला आला." तिचा आवाज कोरडा होता, जसं दुसऱ्या कोणाचं सांगते आहे. "सभेत अनंताने विचारलं, पहिला ताप कोणाच्या घरात? मला माहीत होतं गो. सगळ्या गावात मला एकटीला माहीत होतं. मी बोलले असते तर ओम्याला मीच मारला असं झालं असतं. मला ते ऐकवलं नसतं. माझी नजर वनीवर गेली. आधी नुसती नजरच गेली. मग सगळे तिच्याकडे बघायला लागले, आणि मग मी बोलले."

"तुला माहीत होतं? बावीस वर्षं?"

"तुझ्या यंत्राला आत्ता कळलं."

प्रणालीला वाटलं, ओरडावं, आईला धरून गदागदा हलवावं. पण ओरडणार कोणत्या तोंडाने? बावीस वर्षांचं मौन आणि बारा दिवसांचं मौन, दोन्ही एकाच घरातली. ज्या आईला वाचवायला तिने काकूला मरू दिलं, त्या आईला वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सुगंधा उठली, हात धुतले, घरातून नवं लुगडं आणि हळदकुंकवाचा करंडा काढला. "चल," म्हणाली. "तिला आंघोळ कोण घालणार? आणि ते तुझं बटण कुठेय?"

"आई, ते दाबलं की संध्याकाळपर्यंत गाव ओळखेल. मग आपल्याशीही..."

"आण इकडे." तिने मोबाइल घेतला, प्रणालीने दाखवलं तिथे बोट ठेवलं आणि दाबलं. इतकं जोरात, की पडदा फुटेल असं वाटलं.

दोघींनी मिळून काकूला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं. खोपटामागे ताडपत्रीखाली हातगाडी होती. चाकाचं तेल अजून ताजं होतं. प्रणाली मदत मागायला वाडीत जाऊन आली; पाच ठिकाणी तिने तोंड वेंगाडलं, पाची ठिकाणी कोणाची ना कोणाची कंबर दुखत होती. शेवटी दोघींनीच काकूला गाडीवर घेतलं. साठीला आलेली सुगंधा एका दांडीला आणि प्रणाली दुसऱ्या.

मसण गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाट वाडीच्या मधून जाते. नऊ माणसं सात घरांतली होती. त्यातलं एक काकूचं, ते आत्ता मागे टाकून निघाल्या, एक त्यांचं स्वतःचं. वाटेत पाच.

पहिलं घर अनंत रेवाळ्यांचं. त्यांची आई त्या साथीत गेली होती. ते ओट्यावर उभे होते, हातगाडी बघून त्यांनी मान वळवली. सुगंधाने गाडी थांबवली.

"भावोजी, तुम्ही सभेत विचारलं होतंत, पहिला ताप कोणाच्या घरात. माझ्या घरात. ताप मला आला होता, वनीला नाय. मी खोटं बोलले."

अनंतभाऊंनी वळून बघितलं. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? घरी जा आधी."

"ठिकाणावर आहे. आज आहे."

ते एक पायरी खाली उतरले. गाडीवरच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलं, हात पुढे झाल्यासारखा झाला. तेवढ्यात आतून सुनेने हाक मारली आणि ते वर चढले. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज दोघींनी ऐकला.

दुसऱ्या दारात कोणी बाहेर आलंच नाही. सुगंधा बंद दाराशी बोलली. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या चंद्राबाईने सगळं ऐकून घेतलं, जमिनीवर थुंकली आणि आत गेली. चौथ्या घरात कोणीतरी मुलांना खिडकीपासून ओढून घेतलं. पाचव्या दारापाशी सुगंधाचा आवाज बसला होता, तरी ती बोलली, तेच शब्द, त्याच क्रमाने. प्रणाली शेजारी उभी राहून ऐकत होती. उद्यापासून दुकानात आपल्याला कोणी तांदूळ देणार नाही, विहिरीवर कोणी सरकून जागा करणार नाही, हे तिला दिसत होतं. एक दिवस आपलीही गाडी ओढायला कोणी येणार नाही. आपण काकूला दिलेला शब्द आई पाळत होती, तेही ऐकायला काकू उरली नसताना.

शेवटचं घर त्यांचंच. अंगणात सकाळच्या सुपाऱ्या तशाच पसरलेल्या होत्या. प्रणालीने दांडीला जोर लावला, पण गाडी हलेना. आईने पाय रोवले होते.

"आई, इथे कोण आहे? चल."

सुगंधाने पदराने तोंड पुसलं. मिटलेल्या दारापलीकडे भिंतीवर फोटो होता, तिकडे बघून ती म्हणाली, "ओम्या, ताप मला आला होता रे बाळा. तुला मी दिला. काकूने नाय."

मग तिने पदर कमरेला खोचला आणि दांडी धरली.

"ओढ आता," ती म्हणाली. "वनीला उशीर होतोय."